पान एक्केचाळीस

ऑर्विल टॅकेटचं म्हणणं, सगळं खोटं.
एकतीस वर्षं विमा कंपनीसाठी त्यानं
जळलेली गोदामं हुंगली, लंगडणाऱ्यांचा पाठलाग केला,
आणि एवढ्या काळात त्याच्या डोक्यात
कुणी एकदाही बाटली घातली नाही.
एक कुत्रं चावलं, लाँग बीचला. एका विधवेनं जेवू घातलं.
"आणि हा गडी," पुस्तकावर बोट आपटत तो म्हणतो,
"दर तिसऱ्या प्रकरणात बेशुद्ध पडतो
नि उठून विनोद करतो. डोकं आहे की नारळ?"
चौथ्यांदा वाचतोय तो हे. कार्डावर नोंद आहे.

सॅन पेद्रोचं वाचनालय, महिन्याचा दुसरा गुरुवार.
बाहेर क्रेन कंटेनर उचलून ठेवताहेत,
वरच्या मजल्यावर कुणी कपाटं सरकवावीत तसा आवाज.
कॉफी मी करते. खुर्च्या मी लावते. मत देत नाही.

इमोजीन कोर्टात लघुलेखक होती, तिला भाषा खटकते.
माणसं अशी बोलतच नाहीत, म्हणते.
एका खुन्याचा जबाब तिनं सहा तास उतरवला:
म्हणजे, ते आपलं, काय बरं म्हणत होतो मी.
त्यातून खून निवडावा लागला, तांदळातल्या खड्यासारखा.
इथे जो तो धार लावूनच तोंड उघडतो.
तरीपण (आवाज जरा उतरतो तिचा)
धक्क्यावर धुकं येतं, ते वाक्य तिनं
फ्रीजवर चिकटवलंय.

मग भांडण. किल्ली कुणाची होती?
आधी गोळी कुणी झाडली?
झ्लाता म्हणते, त्या बाईचा काही दोष नव्हता,
तिची टोपी चांगली होती एवढंच,
आणि लिहिणाऱ्याला टोप्यांची भीती.
हसतात सगळे. बिस्किटं संपतात.

रेमेडियोस इतका वेळ गप्प.
पुस्तक मांडीवर मिटलेलं, आत बोट.
"पान एक्केचाळीस," ती म्हणते.

पानं उलटल्याची सळसळ.
हां, ती पोरगी. ट्यूनाच्या कारखान्यातली.
चार ओळी बोलते, त्याच्या गाडीतून घरी जाते,
पुढच्या प्रकरणात धक्क्याखाली सापडते.
मग हिऱ्यांचं सुरू होतं.

"ती गाडीत बसते. तो काच खाली करतो."

कुणी काही बोलत नाही.

"आम्ही लिंबू चोळायचो. मग व्हिनेगर.
एकदा तर रॉकेल, चुलतबहिणीचं लग्न होतं.
नखांखालून जात नाही तो वास.
बरोबर लिहिलंय त्यानं.
आमच्यातल्या कुणाशेजारी तरी बसला असणार."
थांबते.
"पण तिच्या आईला कुणी कळवलं?
मी रात्री दोनपर्यंत वाचलं. वाटलं, हा जाईल.
असा माणूस आहे हा, जाईल.
जिना चढेल, टोपी काढेल, दार वाजवेल.
हा हिऱ्यांमागे गेला."

ऑर्विल म्हणतो, आईकडे जायचे पैसे
कोण देणार होतं त्याला?
चेष्टेत नाही म्हणत तो.

"पुस्तक चांगलंय," रेमेडियोस म्हणते.
"म्हणून तर."

नऊला मी दिवे मालवले. तिची बस चुकली होती,
तिला गाडीत घेतलं.
कारखाने कधीच गेले, बंदराला आता
नुसता डिझेलचा वास.
पट्टा लावायच्या आधी तिचा हात
दारावरच्या बटणाकडे गेला.
काच चार बोटं खाली आली. बोचरा वारा.
"सवय," ती म्हणाली.

मी हीटर वाढवला.
सिग्नलला तिनं विचारलं, पुढच्या महिन्यात काय?
मी म्हटलं, गुलाबांच्या निगेवर काहीतरी आहे.
"नको गं, झोप लागते त्यानं.
खून असलेलंच घे."