नग पाच

चरईत दुसऱ्या मजल्यावर
मिल्काबाई पेणकरांच्या छताला सहा हंड्या होत्या,
गुलाबी काठाच्या, पोटाशी ताकासारख्या धुरकट,
आणि पितळी साखळ्यांना तीन पिढ्यांचं तेल.
"आजोबा तेली आमचे," त्या म्हणाल्या, "शनवार तेली.
शनिवारी घाणा बंद. पण शुक्रवारची पहिली धार
ह्यांच्यात.
आतली काजळी पुसू नकोस, मुली."

मी शिडीवर, खाली इर्शाद हात पसरून.
रबाळ्याच्या गोदामात आम्ही यंत्रांचे भाग बांधतो.
लोखंड कसंही निजतं.
काच मला बापाकडून आली.
तो कळव्या-खारीगावात बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून फिरायचा
आणि रात्री मोजायचा, अंधारातच,
बोटांनी.

काचेला काच लागू द्यायची नाही,
सख्ख्याला सख्खं लागतं तशी लागते ती.
वर्तमानपत्र थेट नाही, शाई चढते पितळेवर.
आधी मलमल, मग कागद, मग बुडबुड्यांचं प्लास्टिक,
खोक्याच्या भिंतीपासून चार बोटं दूर,
आणि त्याच्याही आधी पोट भरायचं आतून, हलक्या हाताने,
तापातल्या पोराला पेज भरवावी तसं.

पाच उतरल्या.
सहावीला तडा होता, कुणीतरी लाखेने सांधलेला.
लाख मी वासाने ओळखली.
हातात घेतली
आणि कशालाही न लागता
ती माझ्या तळहातावर दोन झाली.

इर्शादने खालचे हात तसेच ठेवले.
माझ्या तोंडून गेलं, "वाढली."
कासाराच्या घरात बांगडी फुटत नाही कधी, वाढते.

मिल्काबाई खुर्चीतून उठल्या नाहीत.
"दिवाही विझत नाही," त्या म्हणाल्या, "मालवतो.
आणि ही तर काचही, दिवाही.
हिला काय म्हणशील?"
मला सुचलं नाही.
"आमच्यात लग्नात नवरा मुद्दाम पेला फोडतो.
शोलोमने दोनदा पाय मारला, फुटेना.
तिसऱ्यांदा चपलेचा अंगठा तुटला."
हसल्या.
मग बराच वेळ पंख्याचाच आवाज.

कण वेचायला मी कणकेचा गोळा मागितला, ओला.
फरशीवर दाबत गेले कोपऱ्याकोपऱ्यातून.
बाप असाच वेचायचा, दिवाळीच्या आदल्या रात्री.

खोका सहा घरांचा करून आणलेला.
एक घर रिकामं ठेवून समुद्रावर धाडता येत नाही,
उरलेल्या पाच जणी त्यात कलंडतात.
थर्माकोल संपलेला. पेंढा चरईत कुठला.
त्या आत गेल्या, बाहेर आल्या
निळं सुती लुगडं घेऊन,
धुऊन धुऊन सळसळ गेलेलं.
"एस्तेर उघडेल तिकडे अश्दोदला. विचारील, हे काय."
"काय सांगाल?"
"पॅकिंग."

झाकण. टेप. मग शेवटची परीक्षा:
दोघांनी उचलून खोका कानाशी हलवायचा,
बोलला तर सगळं उघडून पुन्हा.
दोनदा हलवला. गप्प.
"मला ऐकू दे," म्हणत त्या वाकल्या,
पुठ्ठ्याला कान लावला
शेजारणीच्या दाराला लावावा तसा,
आणि हात हलवून आम्हाला थांबवून ठेवलं.
काय ऐकलं, सांगितलं नाही.

न्हावा-शेव्याचा कागद मी टेम्पोत भरला.
खाडीवर इर्शाद दुसऱ्या गिअरमध्ये,
मागून सगळे हॉर्न मारत होते.
वस्तू: काचेच्या हंड्या, जुन्या, वापरलेल्या.
नग: सहा, खोडून पाच.
लुगड्याला रकाना नव्हता.
डब्याच्या पिशवीत कणकेचा गोळा,
उन्हात मधूनच चमकणारा.
गाईला घालता येत नाही, पाण्यात सोडता येत नाही.
ऐरोली आली तरी
तो माझ्या मांडीवरच होता.