चौथ्या घरातला सा

मार्यूनबाईंचा उजवा हात
गेल्या हिवाळ्यापासून मांडीवरच असतो,
विणकाम अर्ध्यावर सोडून ठेवावं तसा.
डाव्याला अजून चार कॉर्ड येतात.
सी, ए मायनर, एफ, जी,
आणि पुन्हा सी.
"भिंती मी उभ्या करते," त्या म्हणतात,
"आत राहायचं कुणी, ते तू ठरव."

मी मासळीच्या कारखान्यातून थेट आलेला,
धुऊनही बोटांना कॉडचा वास.
क्लाक्सव्हीकमध्ये दुपारी तीनलाच काळोख.
पायपेटीचा भाता दमेकऱ्यासारखा.

पहिली चाल मी लिहिली ती अगदी इमानेइतबारे:
सीवर सा ग प,
एफवर म ध सा,
ज्याचं घर त्यालाच दिलेलं.
बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.
"चूक नाही कुठे," म्हणाल्या,
"पण त्रोंदुर, हे गाणं नव्हे. ही हजेरी."

चिडून पुढच्या खेपेला
एकच सा धरून बसलो.
सीवर तो घरधनी,
ए मायनरवर तोच,
पण कुणीतरी दिवे मालवलेले,
एफवर उंबऱ्यात उभा, कोट घातलेला.
मग बाईंची बोटं जीवर गेली
आणि सा उपराच झाला.
मी हललो नव्हतो.
खालची जमीन सरकली होती.

मी पट्टी सोडणार, तोच त्या ओरडल्या,
"पळू नकोस! अवघडू दे त्याला."
दोन मात्रा.
दोन मात्रा केवढ्या असतात,
घामानं बोट घसरायला लागतं.
"आता उतर."

सावरून नीवर.
इतकं शेजारी होतं दार.

आज पूर्ण चाल नेली, आठ ओळींची,
शेवटी सगळ्यांना घरी पोचवणारी.
बाईंनी तो शेवटचा सी वाजवलाच नाही.
डावा हात निजलेल्या हातावरून पलीकडे नेला
आणि एका बोटानं नुसता नी दाबून धरला.
खाली काहीच नाही, फक्त भात्याचा श्वास.
"आता हा कुणाचा, सांग."

तेवढ्यात धक्क्यावरून फेरीचा भोंगा झाला.
आम्ही दोघंही तो स्वर पेटीवर शोधत बसलो,
त्या डावीकडून, मी उजवीकडून.
पांढरी सहा आणि काळी पाचच्या मधे
कुठेतरी होता,
पट्टी नसलेला.