मागचं चाक

त्सोरोनाच्या खंदकातून

किफ्लोम,
सिगारेटच्या पाकिटाची आतली बाजू आहे ही,
म्हणून अक्षर मुंगीएवढं. चष्मा शोध.
नेहमीसारखा तुझ्याच कपाळावर असेल.

तब्येत विचारू नकोस. पाणी दिवसाला दोन बाटल्या,
त्यातलं अर्धं दाढीत मुरतं.
चपलेचा पट्टा तुटला, तर तुझ्याकडे पाहिलं होतं तसं
सुरी तापवून प्लास्टिकला प्लास्टिक चिकटवलं.
आता सगळे मला मिस्त्री म्हणतात.
चार जोड आले दुरुस्तीला.
एक न्यायला कोणी आलं नाही.

तुझ्या आखूड पायावर मी हसायचो.
सोड ते.

समोरचे साडेतीनशे पावलांवर आहेत.
वारा तिकडून सुटला की त्यांची कॉफी भाजल्याचा वास येतो.
भाषा आपलीच. शिव्याही त्याच,
तीच आई, तेच गाढव,
फक्त हेल जरा लांबवतात.

गुरुवारी, चंद्र नव्हता तेव्हा,
पलीकडून एकाने हाक मारली.
वाटलं, शरण या म्हणेल. नाहीतर येतो म्हणेल.
तो म्हणाला,
अस्मारात, बाजारामागे, लंगड्या किफ्लोमचं दुकान
अजून आहे का रे?
माझी सायकल राहिलीय त्याच्याकडे. निळी.
आम्हाला बसमध्ये कोंबून हाकललं तेव्हा
मागचं चाक काढलेलंच होतं.

कोणी हसलं नाही.
सार्जंटने माझ्याकडे बघायचं टाळलं.
मी ओरडलो, आहे!
आणि जरा वेळाने, कोणी विचारलेलं नसताना,
चाक बसवलंय!

खोटं बोललो. तुला ओळखत नाही का मी,
एका पंक्चरला तू तीन उन्हाळे लावतोस.

पहाटे आमच्या बाजूने तोफा सुरू झाल्या,
दुपारपर्यंत चालल्या.
त्यानंतर वारा दोनदा तिकडून सुटला.
नुसती धूळ आली.

तर काम एवढंच.
मागच्या भिंतीशी, पोत्यांखाली बघ.
निळी सापडली तर विकू नकोस.
चाक बसव, साखळीला तेल दे,
पैसे माझ्या नावावर मांड.
आणि मडगार्डच्या आत पोरं खिळ्याने नाव कोरतात ना,
तसं काही असलं
तर तू वाच.
मला कळवू नकोस.

झेरसनाय