रद्द करणे रद्द करायचे आहे का?

सातवं प्रकरण तीन आठवडे अडलंय.
संपादक यालमारी फोनवर म्हणतो,
प्रोग्रामर लोक घाईत असतात, त्यांना दहा नियम दे,
ठळक अक्षरांत,
म्हणजे पान दुमडून ठेवता येईल.
मी हो म्हणते आणि नियम लिहीत नाही.

ओउलूत दुपारी अडीचलाच दिवे लागलेत.
नदी गोठलेली, कपात सकाळची कॉफी,
मसुद्यात एकच वाक्य:
वापरणारा कधीच चुकत नाही.
खोडलं. खोटं आहे ते.
वापरणारे चुकतात, भरपूर चुकतात.
प्रश्न एवढाच की चुकल्यावर
खाली मान कोण घालतं.

हिल्का वुओरेनमा.
केमीच्या वाचनालयात होत्या,
चष्मा दोरीला, पेन्सिल कानामागे.
मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते
आणि मला सगळं येत होतं.
नदीतून ओंडके वाहून नेणाऱ्या माणसांची पत्रं,
अकरा हजार नोंदी,
चार हिवाळे एका बोटानं टाइप केलेल्या.
एका दुपारी नको ते बटण दाबलं गेलं,
नोंदी पुसल्या जाऊ लागल्या,
आणि माझी खिडकी अदबीनं पुढं आली:

पुसणे रद्द करायचे आहे का?
खाली दोन बटणं.
ठीक. रद्द.

त्यांना थांबवायचं होतं.
त्यांनी रद्द दाबलं.
कुणीही तेच दाबलं असतं,
तूसुद्धा, हे वाचणाऱ्या हुशार पोरा,
दाबून बघ.
रद्द म्हणजे रद्द करणं रद्द.
मला ते लख्ख दिसत होतं,
कारण आतल्या तारा मीच जोडल्या होत्या;
ज्यानं घर बांधलं
तो अंधारातही दाराशी बरोबर पोचतो,
आणि पाहुण्याला म्हणतो, अहो, समोरच तर आहे.

बॅकअप? होता ना.
तिसऱ्या मेनूत, आतल्या कप्प्यात,
जिथं मला नीटनेटका वाटला होता.

संध्याकाळी त्यांचा फोन आला.
माफ करा हं, म्हणाल्या,
मला मेलीला ही मशिनं जमतच नाहीत.
आणि मी म्हणाले,
असू द्या, होतं असं कधीकधी.

मी त्यांना माफ केलं.
मी. त्यांना.

हे लिहायला मला एकवीस वर्षं लागली
आणि अजून ते प्रकरणात बसत नाही.
आकृती काढता येत नाही त्याची.
खिडकीची काढली, बाण दाखवले,
खाली लिहिलं, आकृती ७.२,
तर ती नुसतीच गंमत वाटते.

रात्री सौनाची वेळ ठरवायला तळघरात उतरले.
सोसायटीनं नवा पडदा बसवलाय भिंतीवर,
निळा, चकचकीत, बोटाची वाट बघणारा.
त्याच्या शेजारी कुणीतरी
वहीचं पान चिकटवलंय,
आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल.

सुतळी तेवढीच लांब, जेवढा कागद.
कुणाला काही शिकवावं लागलं नव्हतं.
गुरुवार सातला लेह्तोवारा,
त्यावर एक रेघ,
वर छोट्या अक्षरांत, नातू आजारी, कुणीही घ्या.
रेघेखालचं नाव
अजून वाचता येत होतं.

मी बराच वेळ तिथंच उभी राहिले,
टॉवेल खांद्यावर,
दिवा दोनदा आपोआप विझला,
दोनदा हात हलवून तो लावला.
मग गुरुवार सात घेतले.

सकाळी यालमारी: किती झाले नियम?
एक, म्हटलं. तोही खोडलाय.
खोडलेला कशाला सांगतेस, तो म्हणाला.
मी म्हटलं, तसाच छाप.
रेघेसकट.