ग्रेड सी

स्वानसीच्या बाजारात, शिंपल्यांच्या गाळ्यापलीकडे
ग्विलिमचं दुकान. घड्याळाचे पट्टे, किल्ल्या,
आणि काचेखाली हिरव्या फडक्यावर मांडलेले
लोकांचे वापरून झालेले म्युझिक प्लेअर.

माझ्याकडे पस्तीस पौंड.
त्यातले पाच बसचे आणि दुधाचे,
म्हणजे तीसच म्हणा.

रात्रपाळीला फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो.
इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी मोजताना
गाणं चालतं, फोन चालत नाही.
नियम कुणी केला माहीत नाही,
पण त्याच्या घरी कुणीतरी गात असावं.

पहिला पांढरा, ग्रेड ए, बेचाळीस पौंड.
पाठीवर कोरलेलं : नेरिसला, अठराव्या वाढदिवशी.
काच लखलखीत. एक ओरखडा नाही.
म्हणजे नेरिसनं तो फारसा वाजवलाच नसणार.
मी तो उगाच दोनदा उलटून पाहिला
आणि परवडत नाही हे त्याला कळू न देता
खाली ठेवला.

दुसरा निळा, ग्रेड बी, तेहतीस.
बॅटरी नवी घातलेली, पण चाक अडखळतं :
पुढे न्यावं तर दोन गाणी ओलांडून जातं,
मागे आणावं तर थेट पहिल्यावर जाऊन बसतं.
आमच्या सूतगिरणीत असा एक मुकादम होता.
घासाघीस करून पाहिली.
इचलकरंजीच्या आठवडी बाजारात शिकलेली घासाघीस,
इंग्रजीत तिची धार जाते.
वाक्यात प्लीज आलं की भाव खाली येत नाही.

तिसरा काउंटरखाली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात,
सुट्या स्क्रूंमध्ये पालथा पडलेला.
"तो नको," ग्विलिम म्हणाला,
"त्याची डावी बाजू मेलीय. सुट्या भागांसाठी ठेवलाय."

मी म्हटलं, माझीही मेलीय.
सहाव्या वर्षी गालगुंड झालं,
चार दिवसांत उतरलं,
उतरताना डावा कान घेऊन गेलं.

तो हसला. मग हसलो म्हणून लाल झाला.
मग डबा पुढे ओढत म्हणाला, "ग्रेड सी. बारा पौंड."
कुणाचा ग्रेड, ते मी विचारलं नाही.

पर्समधला पेनड्राइव्ह दिला, त्यानं त्यातलं आत भरलं.
एकच मैफल आहे त्यात,
नगरपालिकेच्या हॉलमधली, भाच्यानं कॅसेटवरून उतरवून पाठवलेली.
गाणाऱ्या बाईंचं नाव पोस्टरवर होतं.
पेटीवर बाबा. त्यांचं नव्हतं.

ही मैफल मी कितीदा ऐकली असेल फोनवर,
उजव्या कानात एकच बोंडूक खुपसून.
बाई अगदी जवळ, श्वासासकट.
पेटी मात्र शेजारच्या खोलीतून आल्यासारखी.
मला वाटायचं, साथीदाराला कोण माइक देतंय,
बसवलं असेल कुठेतरी मागे, पाण्याच्या पिंपाशी.

"थांबा," ग्विलिम म्हणाला,
कुठल्याशा यादीत खाली खाली गेला, एक चौकोन दाबला.
"मोनो. आता दोन्ही बाजू एकाच कानात येतील."

आल्या.
आधी भात्याचा श्वास, मग पट्टीवर नखाचा टक् आवाज,
डाव्या हाताचं ते नख ते कधी वेळेवर कापत नसत.
आणि मग सूर, बाईंच्या इतका शेजारी
की त्यांनी पदर सावरला तरी पेटीला लागला असता.
त्यांनाही माइक होता, स्वतंत्र, डाव्या अंगाला.
इतकी वर्षं मी ज्या बाजूला बहिरी,
नेमके तिथेच बसले होते.

"चालतोय?" ग्विलिमनं विचारलं.
मी पंधरा दिले. त्यानं तीन परत केले,
पावतीवर लिहिलं : सदोष, ग्राहकास कल्पना आहे.

त्या रात्री चौथ्या वॉर्डाच्या चादरी
दोनदा मोजल्या.
दोन्ही वेळा आकडा वेगळा आला.