वर्ग तीन, छतावर सामान

गिलगिलच्या चढावर, रस्त्याच्या कडेला,
घडीच्या खुर्चीत मी अकरा वर्षं बसलो.
मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर तक्ता.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
म्हणजे पाच ट्रक युगांडाकडे गेले.
शेंगदाणे विकणारी मुगुरे विचारायची,
"काका, सरकार गाड्या मोजतं ते का?
चोरीला जातात म्हणून?"
मी म्हणायचो, रस्ता किती झिजला ते कळावं म्हणून.
ती माझ्या चपलांकडे बघायची.

आता तिथे खांब आहे, खांबावर कॅमेरा.
त्याला ऊन लागत नाही, लघवीला जावं लागत नाही,
त्याला कुणी शेंगदाणेही देत नाही.
मला नाकुरूला आणून बसवलंय, दुसऱ्या मजल्यावर,
त्याच्या चुका काढायला.
शेजारच्या टेबलावरची चेबेट म्हणते,
मकोखा काका, लहान पोर आहे असं समजा. शिकतंय.

पोरच आहे.
दिसेल त्या गाडीभोवती चौकट आखतं,
मोटारीला हिरवी, मिनीबसला निळी, ट्रकला लाल,
आणि चौकटीच्या डोक्यावर लिहितं
आपली आपल्याला किती खात्री आहे ते.
गाढवगाडीला म्हणतं मोटारसायकल, एकसष्ट टक्के.
दोन्ही अंगांना पाण्याचे पिवळे कॅन,
मधून डोकावणारे दोन कान.
मी खोडतो. पण यादीत गाढव नाही.
मग "इतर"वर बोट दाबतो
आणि मनातल्या मनात गाढवाची माफी मागतो.
मोम्बासाच्या बंदरातून सहा जुन्या जपानी मोटारी
एका ट्रकच्या पाठीवर बसून येतात.
पोर सात मोजतं.
सातच आहेत, बाळा,
पण रस्त्याच्या लेखी एक.
त्या सहांची चाकं अजून इथल्या मातीला लागायची आहेत.
पहाटे धुकं उतरलं की सांगतं, कुणीही गेलं नाही.
मला मात्र दिवे दिसतात,
ताकावर लोण्याचे कण यावेत तसे,
एक, मग एक, मग खूप वेळ काही नाही.

मंगळवारी ऑगस्टमधलं जुनं चित्रण पुढ्यात आलं.
सकाळचे सहा बेचाळीस.
निळ्या चौकटीत एक मटाटू,
आरशाला लाल फडकं,
छतावर काहीतरी लांबट, चादरीत गुंडाळलेलं,
दोरीने चार ठिकाणी आवळलेलं.
पोर म्हणालं: वर्ग तीन, मिनीबस, छतावर सामान.
अठ्ठ्याण्णव टक्के.

मागची गाठ मी ओळखली.
नैरोबीच्या शवागाराच्या आवारात
मीच मारली होती, अंधारात,
ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.
नालियाकाला बुंगोमाला नेत होतो,
तिने लावलेल्या केळीपाशी.
तिसऱ्या खिडकीतून बाहेर आलेलं कोपर माझं.
त्या दिवशी मी मान वर केली नव्हती.
खांब कधी आला, कधी मागे पडला,
मला, अकरा वर्षं तिथंच बसलेल्याला, कळलंही नाही.
आमचा क्रमांक होता चारशे बारा.

"काय झालं काका? चुकलंय का?"

मी चित्र मागे घेतलं, पुन्हा पाहिलं.
मिनीबस आहे.
आतली माणसं मोजायची नसतात,
वजनाचा रकाना फक्त ट्रकला असतो,
आणि छतावर जे आहे
त्याला यादीत दुसरा शब्द नाही.
"इतर"वर बोट ठेवून पाहिलं. उचललं.

"नाही," म्हटलं, "बरोबर आहे."

चारशे तेरा, दुधाचा पिकअप.
चारशे चौदा, मोटारसायकल, मागे एक दार उभं बांधलेलं,
पोराने त्याला ट्रक म्हटलं होतं.
ते मी दुरुस्त केलं.