सावकाश

यंत्राचं नाव आम्ही ठेवलं होतं एल्वा.
आमच्याकडे विजेला एल्वा म्हणतात.
तेलावीच्या शाळेचं तळघर, बॉयलरशेजारचा कोपरा,
पाच जण, एक सोल्डरिंग गन,
मोडक्या प्रिंटरमधून उपसलेल्या दोन मोटर,
इलिकोच्या सायकलची ट्यूब कापून केलेले पट्टे,
आणि पुढे कुंचला: तेक्लाच्या वडिलांचा दाढीचा ब्रश,
न विचारता आणलेला.

एकावर एक रचलेल्या पिंपांतून
एल्वा दोन मीटर उतरायची अकरा सेकंदांत.
आम्ही टाळ्या वाजवायचो. स्वतःलाच.

मग दारेजानबाई आल्या,
उत्खननावरून थेट, बुटांचा चिखल बुटांवरच.
खिशातले दोन अक्रोड त्यांनी फोडले नाहीत,
नुसते मुठीत खुळखुळवत बघत राहिल्या.
"भिंतीला काय लागलंय, कळलं का हिला?"
भिंत प्लास्टिकची. तिला काय लागणार?
"मग परत जाऊ दे.
या वेळी कळलं पाहिजे."

त्यांच्याकडे एक रांजण होता,
द्राक्षमळ्यातल्या पडक्या भिंतीखाली गळ्यापर्यंत पुरलेला.
तोंडावर शिळा, शिळेच्या कडेला फट
बशीएवढी.
शिळा हलवली तर भिंत बसणार,
भिंत बसली तर रांजणाची खापरं.
"असले रांजण धुवायला पूर्वी पोरं उतरवायचे," त्या म्हणाल्या,
"माझे आजोबा उतरलेत.
आत गाणं म्हणायचं, थांबायचं नाही.
गाणं थांबलं की वरचे दोर ओढायचे."

त्या रात्री मी एल्वाला एक बझर बसवला.
मिनिटाला एकदा: टिक्.
मी आहे.

आणि रातीने वेग कमी केला.
निम्मा. त्याच्या निम्मा.
बाई फोनवर ऐकायच्या आणि म्हणायच्या, अजून.
वेगवान करणं सोपं होतं हो,
हळू केलं की मोटर थरथरायची, अडायची, जळका वास यायचा;
थांबणं आणि हळू चालणं यांच्यामधली
केसाएवढी जागा शोधण्यात
आमचा अख्खा उन्हाळा गेला.
शेवटी जमलं. मिनिटाला एक सेंटिमीटर.

तिबिलिसीच्या स्पर्धेत प्रत्येक चमूला तीन मिनिटं.
शेजारच्या टेबलावरचं यंत्र चाळत होतं, खणत होतं,
वर हात हलवून नमस्कारही करत होतं.
परीक्षक आमच्यासमोर वाकले.
"सुरू कधी करणार?"
"सुरू आहे," इलिको म्हणाला.
टिक्.
तीन सेंटिमीटर.
वीस चमूंत आमचा एकोणिसावा नंबर.
विसाव्याच्या यंत्राने पेट घेतला होता.

ऑक्टोबरात द्राक्षं उतरून गेल्यावर
आम्ही पाचही जण त्या फटीशी पालथे पडलो.
एल्वा आत गेली.
पडद्यावर लाल माती, तिच्यावर कुणाच्या तरी
बोटांनी ओढलेले आडवे पट्टे,
मग मेणाचा काळपट थर,
मग एका कोळ्याचं जाळं, जे ब्रशने
इतकं हळू बाजूला सारलं
की कोळी चालत निघून गेला.
टिक्.
मळ्याचा मालक दोनदा डोकावून गेला.
तिसऱ्यांदा पाव घेऊन आला आणि बसलाच.

तीन तास वीस मिनिटांनी तळ लागला.
तिथे काहीच नव्हतं.
बी नाही, मणी नाही, खापरीचा कपटाही नाही.
तेक्ला रडायच्या बेतात.
माझ्या मनात आलं, एवढ्यासाठी तो ब्रश.
(वडिलांनी अजून विचारलं नव्हतं.)

दारेजानबाईंनी मात्र चष्मा पुसला, वही उघडली.
"गाळ नाही म्हणजे धुऊन ठेवलाय.
धुऊन ठेवलाय म्हणजे
पुढच्या वर्षी भरायचा होता कुणालातरी."
आणि रातीकडे वळून,
"रिकामा किती आहे? मोजून सांग."
त्याने मोजलं. त्यांनी लिहिलं:
आत अवकाश, अंदाजे दीड हजार लिटर.
खाली रेघ मारली, एखादं सोनं सापडल्यासारखी.

"वर घेऊ?" इलिकोने विचारलं.
"घ्या."
आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं,
भरभर वर यायचं
तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

बाईंनी खिशातले अक्रोड काढले.
या वेळी फोडले.
अंधार पडत होता,
पायांखालून, खूप खालून,
टिक्.